चायनीजच्या शिकवणीची चौकशी

लाखनीच्या अलीकडे हायवे सोडून आत वळलं की तलावाच्या पाळीखाली एक गाव लागतं. त्या गावात एका घरी मी चहा-पोहे घेतले आहेत, जे माझ्यासाठी केलेले नव्हते. ज्या पाहुण्यासाठी केले होते तो पाहुणा मुळात नव्हताच. ही गोष्ट मी बरेच महिने घरी कोणाला सांगितली नाही, ऑफिसात तर नाहीच. मी तसाही कमी बोलतो. कमी बोलणाऱ्या माणसाला लोक सज्जन समजतात, आणि त्याचा मी आयुष्यभर फायदा घेतला.

निमित्त मुलीच्या शिकवणीचं होतं.

साकोलीच्या एका सरकारी कार्यालयात मी दाखले तपासतो. समोर आलेला कागद खोटा असेल असं धरून बघायचं, हेच माझं काम. शिक्का जरा जास्त ठळक दिसला की माझा हात थांबतो. घरी दूधवाला नेहमीपेक्षा हसून बोलला तरी मी पातेल्यात डोकावतो. बायको म्हणते, "तुमाले देव जरी भेटला तरी तुमी त्याले रहिवासी दाखला मागसान." आम्ही बौद्ध, देवाचं आमच्याकडे तसं काही नाही, पण तिचं म्हणणं खरं आहे.

असा मी, आणि तरी एकदा पुरता फसलो होतो. मुलगी तिसरीत असताना भंडाऱ्याला मुलांचा मेंदू जागा करायचा एक क्लास निघाला. डोळ्यांवर पट्टी बांधून मुलं पुस्तक वाचतात, म्हणे. आम्ही तिला घातलं. शेवटी पालकांसमोर कार्यक्रम झाला. मुलीने पट्टी बांधून समोरच्या पुस्तकातली ओळ खडाखडा वाचली. टाळ्या पडल्या. बायकोने पदर डोळ्यांना लावला. मीही टाळ्या वाजवल्या, जोरात वाजवल्या. त्या रात्री मुलीला ताप भरला. सकाळी ती आईला म्हणाली, "नाकाजवळून दिसते. सगळ्याईलेच दिसते. पण सर म्हणत, दिसत नाही म्हणाचं."

इतके दिवस ती रोज घरी येऊन 'मस्त जमलं' म्हणत होती. जमत नाही असं एकदाही म्हणाली नाही. माझ्याजवळ तर नाहीच. त्या क्लासवाल्याचा राग मी लवकर विसरलो. मुलीचा तो पट्टी बांधलेला, जरासा वर उचललेला चेहरा मात्र विसरता आला नाही. त्यानंतर शिकवणी या शब्दावरूनच माझा विश्वास उडाला. आणि मुलीच्या 'मस्त जमलं' वरूनही.

आता ती सातवीत होती. आमच्या वस्तीतल्या विहारात भिंतीवर एक जुनं चित्र आहे. चीनमधून पायी आलेला भिक्खू, पाठीवर पोथ्यांचं मोठं ओझं, डोक्यावरून पुढे लोंबणारा लहानसा दिवा. चित्राच्या कडेला उभ्या ओळीत चिनी अक्षरं आहेत. कोण्या पेंटरने काढलं, केव्हा काढलं, कोणाला ठाऊक नाही. मी लहानपणापासून त्याच्यासमोर मांडी घालून बसत आलो. मुलीने एका पौर्णिमेला विचारलं, "बाबा, हे बाजूले काय लिवलं हाय?"

"चिनी आहे."

"चिनी आहे ते दिसते. पण काय?"

मला पन्नाशी आली तरी हा प्रश्न पडला नव्हता. तिने त्या अक्षरांचा फोटो काढला आणि घरी येऊन वहीच्या मागच्या पानावर गिरवू लागली. मग कुठे काही चिनी दिसलं की थांबायची. टॉर्चच्या खोक्यावर, खेळण्यावर, पंपाच्या मोटारीवर. महिनाभर असं चालल्यावर एक दिवस म्हणाली, "मले हे शिकाचं हाय."

मुलीने स्वतःहून काही मागितलं, अशी ही पहिलीच वेळ. म्हणून मला भीती वाटली.

ऑफिसात विषय काढला, तर हसण्याचा पूर आला. "चायनीज शिकाचं तर बसस्टँडवरच्या ठेल्यावर बसव ना पोरीले. मंचुरियन फुकट." दुसरा म्हणाला, "आधी इंग्रजी तर येऊ दे बाप्पा. चीनवाले इथं येतीन का धान कापाले?" शिपाई म्हणाला, "साहेब, बॉर्डरवर काय चालू राहते ते पायता नाही का? उद्या चौकशी लागंल तुमच्या मांगं."

मीही हसलो. पण शोध सुरू केला.

भंडाऱ्यात एका इंग्रजी संभाषणाच्या क्लासबाहेर फ्रेंच, जर्मन, चायनीज असा फलक होता. तिथल्या सरांना मी विहारातल्या अक्षरांचा फोटो दाखवला. त्यांनी मोबाइल हातातही घेतला नाही, नुसती मान वाकवून पाहिलं आणि म्हणाले, "शांती आणि मैत्री." त्यांच्या सांगण्यात जराही खळखळ नव्हती. मला ते तिथेच खटकलं. मग पुण्याच्या एका ऑनलाइन शिकवणीवाल्याला तोच फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं, "महान गुरूला वंदन." आता दोघांपैकी एक तरी खोटा. दोघेही असू शकतात. मला चिनी येत नाही, त्यामुळे तपासणार कसं? दाखल्याच्या बाबतीत मूळ रजिस्टर तरी असतं. इथे मूळ रजिस्टर चीनमध्ये.

तेव्हा शेजारच्या टेबलावरचे सहकारी म्हणाले, "अजी, आमचा पोरगा जाते ना एका मॅडमकडे. लाखनीकडली पोरगी हाय. डॉक्टरकी शिकाले चीनले होती. कोरोनाच्या बिमारीत आली घरी, मंग जाताच नाही आलं. आता लाखनीच्या एका दवाखान्यात बसते, आनी रविवारी घरी चार पोरं शिकवते. आपल्याच समाजाची हाय."

घरी मुलीने हे ऐकलं आणि तिच्या चेहऱ्यावर उजेड आला. "दीदी तिथंच राहिली हाय, बाबा. तिले तर खरंच येत असंल."

माझ्या डोक्यात मात्र नेहमीसारखं सुरू झालं. डॉक्टरकी शिकून आली तर डॉक्टर काहून नाही? परत काहून गेली नाही? दवाखान्यात बसते म्हणजे नेमकं काय करते? चार पोरं कशाला शिकवते? फोन करून विचारलं असतं तर तिने सरळ सांगितलं असतं. पण सरळ विचारल्यावर माणूस सरळ सांगतो, यावर माझा विश्वास नाही. तयार उत्तर मिळतं, असं मी समजतो.

म्हणून मी आमच्याकडची जुनी पद्धत वापरली.

आमच्या भागात सोयरीक करायची असली की मुलाकडचा एखादा वडीलधारा आधी मुलीच्या गावी एकटाच जातो. कोणाच्या घरी नाही. पानठेल्यावर बसतो, सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटून घेतो, धानाचं विचारतो, पावसाचं विचारतो आणि मधेच सहज, "तेयचं घर कोणतं जी? माणसं कशी हायेत?" ठेलेवाल्याला सगळं कळतं, पण तो कळलं असं दाखवत नाही. मुलीची वागणूक, बापाचं पिणं, भावाची भांडणं, सगळं त्या बाकड्यावर समजतं. माझ्या बहिणीच्या वेळी असंच झालं, माझ्या बायकोच्या वेळी माझ्या मामाने असंच केलं. मला वाटलं, शिकवणीची चौकशीही अशीच करावी. ही पद्धत कशासाठी आहे आणि मी कशासाठी वापरतो आहे, यातला फरक त्या गावाला कसा कळणार, हा विचार मी केला नाही. केला असेन, तर बाजूला ठेवला.

कापणी होऊन गेली होती. शेतातल्या बांध्या रिकाम्या झाल्या होत्या आणि रस्त्याच्या कडेला धानाची पोती रचलेली होती. मी एकटाच मोटारसायकलने गेलो, पानठेल्यावर बसलो.

"त्या चायनावाल्या मॅडमचं घर कोणतं जी?"

ठेलेवाल्याचा हात खर्रा घोटता घोटता थांबला. त्याने मला वरून खालपर्यंत पाहिलं. इस्त्रीचा शर्ट, खिशात पेन, पायात बूट.

"कोठचे जी तुमी?"

"साकोलीचा."

"नोकरीत?"

"हो."

"जय भीम," तो एकदम म्हणाला आणि बाकडं फडक्याने पुसलं. "बसा ना बरोबर. पोरगी मंजे सोनं हाय जी. मान वर करून चालत नाही. बाप सादा माणूस, पेत नाही, खात नाही. पोरीपायी लय सोसलं त्याईनं. लोकं बोलतात, चीनमंधी का करे अन् का नाही. लोकाईले का धंदा हाय?"

"लोक काय बोलतात?" मी लगेच विचारलं.

"काही नाही जी. बोलणारे बोलतात."

मी तेच धरून बसलो. काय बोलतात ते काढून घ्यावं म्हणून दुसरा खर्रा सांगितला. तेवढ्यात त्याने आत तोंड करून कोणाला तरी फोन केला असावा, कारण थोड्या वेळात एक वाळकासा माणूस सायकलवर आला. धुतलेला पण इस्त्री नसलेला सदरा, घाईने विंचरलेले ओले केस. सायकल स्टँडवर लावायच्या आधीच त्याने हात जोडले.

"जय भीम जी. आमच्या घराले पाय न लावता जाता का? असं नाही चालत. चला."

तो मुलीचा बाप होता.

त्या क्षणी मला एक वाक्य बोलायचं होतं: 'मी शिकवणीसाठी आलो.' एवढं बोललो असतो तर सगळं तिथेच संपलं असतं, तोही हसला असता. मी बोललो नाही. उलट माझ्या मनात आलं, हा माणूस आता मला सगळं खरं सांगेल. मुलीच्या सोयरीकीला आलेल्या माणसापासून बाप काय लपवणार? चौकशीला याहून चांगली संधी मिळायची नाही. हे माझ्या मनात आलं, आणि मी त्याच्या सायकलमागे मोटारसायकल हळूहळू चालवत गेलो.

घर साधं होतं. पुढे छपरी, तिच्यात दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणि भिंतीला टेकवलेला लहानसा फळा. फळ्यावर चिनी अक्षरं होती, अर्धी पुसलेली. आत भांड्यांचा आवाज सुरू झाला, फोडणीचा वास आला. मला कळलं की पोहे होत आहेत.

"पोरगा काय करते जी?" बापाने विचारलं.

माझा एक पुतण्या खरंच आहे. मी म्हणालो, "नागपूरले आहे."

ते माझं एकच खोटं. त्याआधी आणि त्यानंतर मी त्या घरात एकही खोटं बोललो नाही. पुरेसं होतं.

"चांगलं हाय, चांगलं हाय," बाप म्हणाला. त्याने खुर्ची पुन्हा पुसली, जिच्यावर मी बसलेलोच होतो.

मुलगी ट्रे घेऊन आली. सत्तावीस-अठ्ठावीसची असेल. साधा ड्रेस, ओढणी. ट्रे ठेवला आणि न सांगता समोर बसली. आमच्याकडे मुलीने खाली बघायचं असतं. ती माझ्याकडे बघत होती.

मी विचारू लागलो. माझ्या टेबलावर विचारतो तसंच. "शिक्षण पूर्ण झालं?"

"झालं. शेवटची वर्षं ऑनलाइन झाली."

"मग इथं डॉक्टर म्हणून..."

"इथं परीक्षा द्यावी लागते. दोनदा दिली. निघाली नाही." बाप खोकला. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. "पुन्हा देऊन राहिली आहे. दवाखान्यात मी डॉक्टर नाही, मदतीले बसते. पेशंटले तसंच सांगते."

"परत काहून गेली नाही?"

"रस्ताच बंद होता, काकाजी. उघडला तेवा घरचा सगळा पैसा संपला होता."

प्रत्येक उत्तर सरळ येत होतं, आणि मी प्रत्येक उत्तराच्या मागे हात घालून पाहत होतो. शेवटी मी खिशातून मोबाइल काढला. विहारातला फोटो तिच्यापुढे धरला. सोयरीकीला आलेला माणूस असलं काही विचारत नाही, हे मला कळत होतं. "हे काय लिहिलं आहे, सांगता का?"

तिने मोबाइल घेतला, फोटो बोटांनी मोठा केला, बराच वेळ पाहिला.

"हे वरचं 'मोठा'. हे खालचं 'माणूस'. मधले मले नाही समजत." मग पुन्हा पाहून म्हणाली, "मले वाटते, ते अक्षरच नोहोय. पेंटरनं मनानं काढले असतीन. त्याले जे दोन जमले ते बरोबर हायेत."

मी म्हणालो, "बाकीच्यांनी तर अर्थ सांगितला."

"सांगतला असंल," ती म्हणाली. मग मोबाइल परत देत, आवाज जराही न चढवता, "काकाजी, तुमी पोरगी पाहाले आले का परीक्षा घ्याले?"

"अवो," बाप म्हणाला, "पाहुणे हायेत ना."

मी हसलो. पोहे खाल्ले. चांगले झाले होते, शेंगदाणे जास्त होते, पाहुण्यासाठी घालतात तसे. चहा घेतला. सुपारी-विलायचीची प्लेट पुढे आली, तीही घेतली. बापाने माझा नंबर मागितला, मी दिला. तो मला कोपऱ्यापर्यंत सोडायला आला आणि जाताना म्हणाला, "पोरीनं परीक्षेचं सांगतलं तुमाले, मी नाही सांगतलं असतं. पण ते तशीच हाय. खोटं बोलता येत नाही तिले."

घरी येईपर्यंत माझी खात्री पटली होती. इतक्या क्लासांत एकच माणूस असा भेटला, ज्याला जे येत नाही ते येत नाही म्हणता येतं. मुलीसाठी हीच शिकवणी पाहिजे होती. आणि त्याच दारावर आता मी मुलीला घेऊन जाऊ शकत नव्हतो.

मुलगी उंबऱ्यात उभी होती. "बाबा, कशी हाय दीदी?"

"नाही बरोबर," मी म्हणालो. "घोळ आहे. परीक्षा नापास आहे ती."

"पण चिनी येते का तिले?"

"घोळ आहे सांगितलं ना."

ती मागे वळली. चप्पल काढून आत गेली. त्यानंतर ऑफिसात शेजारच्या सहकाऱ्यांनी विचारलं, तेव्हा मी तेच म्हणालो. "जरा चौकशी करून बघा" एवढंच. माझ्या तोंडून असं आलं की ते पुरतं, कारण मी कमी बोलतो. पुढच्या महिन्यात त्यांनी मुलाला काढून घेतलं. त्यांच्यामागून आणखी कोणी काढलं असं कानावर आलं. मी टेबलावरचे दाखले तपासत राहिलो.

तिच्या बापाचा फोन आला. "जय भीम जी. काही निरोप?"

"घरी बोलतो," मी म्हणालो.

पुन्हा आला. "पोरगा येऊन पायून गेला तरी चालंल जी. घाई नाही." नंतर मी फोन उचलणं बंद केलं. त्याचा नंबर मी नावाने ठेवला नव्हता. नुसते आकडे दिसायचे, आणि मी ते ओळखायला लागलो होतो.

मुलीला मी पुण्याच्या त्या ऑनलाइन शिकवणीत घातलं. तोच, महान गुरूला वंदनवाला. मला सगळं ठाऊक असून घातलं. तो कॅमेरा बंद ठेवायचा. त्याचा नुसता आवाज यायचा, आणि मुली-मुलांच्या तोंडाचे लहान लहान चौकोन दिसायचे. मुलगी पडद्यासमोर ताठ बसायची. संध्याकाळी मी विचारायचो, "कसं चाललंय?"

"मस्त जमून राहिलं."

एकदा मी दारामागे उभा राहून पाहिलं. आवाज विचारत होता, सगळ्यांना समजलं? आणि माझी मुलगी मान हलवत होती. हनुवटी जराशी वर, डोळे अर्धे मिटलेले. डोळ्यांवर पट्टी नव्हती एवढंच. वहीच्या मागच्या पानावर ती आता काही गिरवत नव्हती. खोकी-बिकी वाचायची थांबली होती.

विहारातही ती त्या चित्राकडे पाठ करून बसू लागली. हे मला सहन झालं नाही. मी फार चांगला माणूस आहे म्हणून नाही. ती मला ओळखू लागली आहे, असं वाटलं म्हणून.

एका रविवारी तिला मोटारसायकलवर बसवून निघालो. तिला वाटलं, मोहाडीला आत्याकडे जातो आहे. हायवेवर उड्डाणपुलाखाली मी गाडी बाजूला घेतली. ट्रक जात होते, त्यामुळे मोठ्याने बोलावं लागलं. कबुलीजबाब ओरडून द्यायचा म्हणजे कसा, ते त्या दिवशी कळलं. सगळं सांगितलं. पानठेला, सायकल, नागपूरचा पुतण्या, चहा.

ती ऐकत राहिली. रडली नाही, चिडलीही नाही. म्हणाली, "मंजे दीदीनं तुमच्यासाठी पोहे केले?"

"हो."

"आनी तुमी खाल्ले?"

"खाल्ले."

तिने हायवेकडे तोंड फिरवलं. मग म्हणाली, "तिले चिनी येते का नाही, ते सांगा."

"येते."

"मंग चला."

छपरीत फळा तसाच होता. खाली चटईवर दोनच पोरं होती. बापाने आम्हाला दारातून पाहिलं आणि तो उठला. त्याने लगबगीने खुर्ची पुसली. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी पाहिलं. इतक्या दिवसांनी, मागे एका पोरीला बसवून आलेला पाहुणा म्हणजे होकारच, असं त्याला वाटलं असणार. तो घरात तोंड करून म्हणाला, "अवो, पाहुणे आले, चहा मांड."

"नका मांडू," मी म्हणालो. "बसत नाही मी. पोरगा नाही आहे जी."

"मंजे? जमलं का दुसरीकडे?"

"पोरगाच नाही. पुतण्या आहे, पण त्याच्यासाठी आलो नव्हतो. ही माझी पोरगी. हिच्या शिकवणीची चौकशी करायला आलो होतो. तुम्ही पाहुणा समजले, आणि मी समजू दिलं."

बाप उभाच राहिला. हातातलं फडकं त्याने घडी घातलं, पुन्हा घातलं, आणि खुर्चीच्या पाठीवर ठेवलं. मग कोणाकडे न बघता पायात चप्पल सरकवली आणि सायकल काढून तलावाच्या पाळीकडे निघून गेला. ज्याची माफी मागायची होती तो माणूसच तिथून गेला.

मुलगी, म्हणजे त्यांची मुलगी, खडू हातात घेऊन दारात आली होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"दोन पोरं उरली आहेत," ती म्हणाली. "बाकीचे कोणामुळं गेले, ते मले माहीत आहे. तुमचंच ऑफिस ना?"

मी हो म्हणालो. सांगितलं की मी घोळ आहे असं म्हणालो होतो.

"तुमी येऊन गेल्यावर माझ्या बाबानं घराले चुना मारला," ती म्हणाली. "कायले, ते नाही सांगत तुमाले." मग तिने माझ्या मुलीकडे पाहिलं. "नाव काय तुझं? ये. चटईवर बस." आणि माझ्याकडे वळून, "हिले शिकवीन मी. हिचा काही कसूर नाही. पण काकाजी, तुमी आत नका येऊ. या घरात तुमचा चहा होणार नाही."

मी पायऱ्या उतरलो.

आता दर रविवारी मी तिला सोडतो आणि त्याच पानठेल्यावर बसतो. पहिल्या रविवारी ठेलेवाल्याने विचारलं, "मंग, जमली का सोयरीक?" मी त्याला खरं सांगितलं. चार माणसं बाकड्यावर होती, त्यांच्यासमोर सांगितलं. मुद्दाम. पोरीत काही खोट नव्हती, खोट माझी होती, हे गावात फिरावं म्हणून. ठेलेवाला म्हणाला, "अजब माणूस हाय जी तुमी. शिकवणीसाठी कोणी पोरगी पायते का?" सगळे हसले. त्यानंतर तो मला खर्रा देतो, पण बाकडं पुसत नाही. सहकाऱ्यांनाही मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मुलाला मात्र त्यांनी अजून परत पाठवलेलं नाही, आणि आता ते माझ्या कुठल्याच शेऱ्यावर लगेच सही करत नाहीत.

तिचा बाप कधी कधी सायकलवर समोरून जातो. मी उठून जय भीम म्हणतो. तो थांबत नाही.

आणि माझं मन अजून तसंच आहे, हेही लपवत नाही. बाकड्यावर बसून मी विचार करतो, ती बरोबर शिकवते कशावरून? उच्चार खरे आहेत हे मला कसं कळणार? माझ्याकडे पडताळायला काहीच नाही. एकदा राहवलं नाही म्हणून ठेल्यावरून उठलो आणि छपरीच्या बाजूच्या भिंतीला टेकून उभा राहिलो. चोरासारखा, पुन्हा एकदा.

आत दीदी काहीतरी म्हणत होती, आवाज वर नेऊन. पोरं तिच्यामागून म्हणत होती. माझ्या मुलीचा आवाज ओळखू आला. तो भलतीकडेच गेला, आणि दोन्ही पोरं खिदळली. तिने पुन्हा म्हटलं. पुन्हा चुकलं, एवढं मलाही कळलं.

"समजलं का?" दीदीने विचारलं.

मी वाट पाहत राहिलो. 'मस्त जमलं' कधी येतं याची.

"नाही समजलं, दीदी," माझी मुलगी मोठ्याने म्हणाली. "काहीच नाही समजलं. पुन्हा सांगा."